बाबा रोज तासभर चालतात, तरी जमिनीवरून उठताना आधार का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७२ वर्षांचे, वजन ६५ किलो, बँकेतून निवृत्त, पुण्यात राहतात. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर औषध नाही. कित्येक वर्षं रोज सकाळी तासभर चालतात, पावसाळ्यातसुद्धा खंड नाही. गेल्या वर्षभरात मात्र सोफ्यावरून उठताना हात टेकावे लागतात, बसमध्ये चढताना दांडा धरून अंग ओढून घ्यावं लागतं, आणि सत्यनारायणाला पाटावर बसले तेव्हा उठवायला दोघं लागली. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं. मुलगी विचारते: चालणं दीड तास करावं का, या वयात जिमला पाठवावं का, की प्रोटीन पावडर सुरू करावी? जाता जाता तिने लिहिलं आहे की आई ६८ची, पण ती दिवसभर घरकाम करते, तेव्हा तिची काळजी नाही.

चालणं वाढवू नका. आहे तेवढं राहू द्या, आणि आठवड्यातून तीन दिवस त्यातली वीस मिनिटं काढून पायांच्या ताकदीला द्या. जिम चालेल, पण अडलेलं नाही. पावडरीचा विचार सगळ्यात शेवटी.

सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंना त्यांच्या एकूण ताकदीचा थोडासाच हिस्सा खर्च करावा लागतो. पाटावरून उठताना, बसची उंच पायरी चढताना जवळजवळ सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यातून वर ढकलायचं असतं. त्याच बागेला त्याच वेगाने वर्षानुवर्षं फेऱ्या मारल्या की हृदयाला, साखरेला, झोपेला आणि मित्रमंडळाला फायदा होतो, यात वाद नाही. पण मांडीला ते काम पहिल्या दोन महिन्यांत सवयीचं झालेलं असतं. त्यानंतर तिच्याकडे कुणी जास्त काही मागितलेलंच नाही, आणि स्नायू मागणीपुरतीच ताकद बाळगतो.

दुसरी गोष्ट तंतूंची. स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. काही संथ, तासन्‌तास न दमणारे; काही वेगवान, जोरकस, पण लवकर थकणारे. चालणं संथ तंतूंवर भागतं. वयाबरोबर बारीक होत जातात ते मुख्यतः वेगवान तंतू. शरीर त्यांना कामाला लावतं ते भार जड असेल तेव्हा किंवा हालचाल झटकन करायची असेल तेव्हा. ठेच लागल्यावर पुढचा पाय पटकन टाकून तोल सावरणं हे याच तंतूंचं काम. म्हणून रोज पाच किलोमीटर चालणारा धडधाकट माणूससुद्धा मोरीच्या उंबऱ्याला अडखळला की सरळ खाली जातो. घरच्यांना आश्चर्य वाटतं. आम्हाला, म्हणजे हे व्यायाम शिकवणाऱ्यांना, वाटत नाही.

‘वयोमानाने होतं’ हे अर्धं खरं आहे. पन्नाशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्का स्नायू घटतात, आणि ताकद त्याहून दुप्पट-तिप्पट वेगाने घटते. यापलीकडे स्नायूंची घट आणि ताकदीची उतरण एका मर्यादेखाली गेली की त्याला सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी वापरात आणला आणि २०१६मध्ये अमेरिकेतल्या रोगसूचीत त्याला स्वतःचा क्रमांकही मिळाला. म्हणजे ज्याला आपण म्हातारपण म्हणून सोडून देतो त्यातला बराच भाग आता मोजता येतो, नोंदवता येतो, आणि मुख्य म्हणजे उलटवता येतो.

उलटवता येतो हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली वृद्धाश्रमातले नव्वदीच्या आसपासचे दहा जण निवडले आणि आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलून घेतलं. हलकंफुलकं वजन नव्हे, जेमतेम आठ वेळा उचलता येईल असं. ज्यांनी कार्यक्रम पूर्ण केला त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. मग व्यायाम थांबवला, तर चार आठवड्यांत कमाईतली बरीच ताकद परत गेली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. १९९४मध्ये त्यांनी हाच प्रयोग सरासरी ८७ वर्षांच्या शंभर अशक्त वृद्धांवर केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली. ज्यांना फक्त पोषक पेय दिलं त्यांच्यात फरक पडला नाही. तुमचे बाबा या मंडळींपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान आहेत.

आता थोडं घराबद्दल, कारण माझ्या मते बाबांची ताकद तिथेच गेली आहे. तीस वर्षांपूर्वी त्यांचा दिवस आठवून बघा. शौचाला उकिडवं बसणं, जेवायला मांडी घालून पाटावर, अंथरूण जमिनीवर, पाणी गेलं की खालून बादल्या, गॅसचं सिलिंडर ढकलत आत, गव्हाचं पोतं गिरणीवर, दोन जिने दिवसातून चारदा. कुणी त्याला व्यायाम म्हणत नव्हतं, पण मांड्यांना रोज जड काम मिळत होतं. मग एकेक सोय आली. कमोड आला, डायनिंग टेबल आलं, पलंगाची उंची वाढली, नव्या इमारतीत लिफ्ट आली, किराणा दारात यायला लागला. निवृत्तीनंतर उरलंसुरलं मुलांनी काढून घेतलं, तेही मायेपोटी. ‘बाबा, तुम्ही राहू द्या, मी आणतो.’ ‘आजोबांना खाली नका बसवू रे, खुर्ची द्या.’ दिवसभरात ते किती वेळा गुडघ्यातून पूर्ण वाकून उभे राहतात ते एकदा मोजा. सोफा, पलंग, कमोड, गाडीची सीट, सगळं उंच, आणि उठताना हाताला टेकू देणारं. सकाळचा तासभर सोडला तर बाकीचे तेवीस तास मांड्यांना सुट्टी आहे.

कमोड काढून टाका असं मी सांगत नाही. ज्याचे गुडघे झिजलेत किंवा तोल जातो त्याच्यासाठी तो आणि त्याशेजारचा दांडा हवाच. पण सोयीने जे काढून घेतलं ते दुसरीकडून परत द्यावं लागतं, एवढा हिशेब घरात कुणीतरी ठेवायला हवा.

व्यायाम सुरू करण्याआधी बाबा आज कुठे आहेत ते मोजा. हात नसलेली, टणक बैठकीची, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, ती नको. बाबांनी हात छातीवर घडी करून बसायचं. ‘सुरू’ म्हटलं की पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोबाइलवर वेळ लावून मोजा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ७० ते ७४ वयाच्या पुरुषाचे बारापेक्षा कमी झाले तर पडण्याचा धोका सरासरीहून जास्त समजतात. याच वयाच्या बाईसाठी आकडा दहा, आणि ६५ ते ६९ वयाच्या बाईसाठी अकरा. हात टेकून उठावं लागलं तर गुण शून्य. शून्य आले तर खचू नका. शून्यापासून सुरुवात करणारे आमच्याकडे नेहमीच येतात, आणि सगळ्यात जास्त फरकही त्यांच्यातच दिसतो.

मुठीची पकड हा दुसरा चांगला निर्देशक आहे. दवाखान्यात हाताने दाबायचं एक यंत्र असतं. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९मध्ये पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो या रेषा आखल्या. त्याखाली पकड गेली की सार्कोपेनियाची पुढची तपासणी करावी. मूठ आणि मांडी यांचा काय संबंध, असं वाटेल. पण हातातली ताकद सगळ्या अंगातल्या ताकदीचा अंदाज देते. भारतासह १७ देशांत झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पकड पाच किलोने कमी असली तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. अर्थात नुसती मूठ दाबत बसून आयुष्य वाढत नाही. त्या रबरी चेंडूंची विक्री तेवढी होते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन विचाराच. ‘वर्षभरात उठणं अवघड झालं’ हे वाक्य जसंच्या तसं सांगा. थायरॉइड, बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायला हरकत नाही. ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर मांड्या आणि खुबे दुबळे होतात, चाल डुलत होते आणि नेमकं जमिनीवरून उठणं जड जातं. मात्र एकदम मोठे डोस स्वतःच्या मनाने देऊ नका. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला, तर त्या कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. तो अभ्यास २०१०चा आहे. कोलेस्टेरॉलची, दम्यासाठी स्टिरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा. आणि अशक्तपणा एकाच बाजूला असेल, अचानक आला असेल, किंवा वजन कारण नसताना उतरत असेल, तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखतं, रक्तदाब ताब्यात नाही, नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालंय किंवा हर्निया आहे, अशांनी परवानगी घेतल्याशिवाय वजन उचलू नये.

बाबांचा मुख्य व्यायाम एकच: खुर्चीवरून उठणं-बसणं. आपल्याकडे तालमीत याच हालचालीला बैठका म्हणत आले आहेत, फक्त इथे मागे खुर्ची आहे. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून बसायचं. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्यायच्या. बहुतेकांचं इथेच चुकतं, पाय पुढे पसरलेले असतात आणि मग हात टेकल्याशिवाय उठवत नाही. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि मग टाचांवर जोर देऊन उभं राहायचं. उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. उभं राहिलं की क्षणभर पूर्ण ताठ. बसताना मनात चार अंक मोजत हळूहळू खाली यायचं. धप्पकन बसलं की निम्मा व्यायाम वाया, कारण खाली येताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो आणि त्यातून ताकद चांगली वाढते, दमही कमी लागतो.

जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. आठ वेळा करून मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा आठ, असे दोन किंवा तीन फेरे, एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. जड जाणं म्हणजे दुखणं नव्हे, आणखी दोन-तीन काढता आल्या असत्या पण त्यापुढे नाही, अशी अवस्था. आठवरून वाढवत प्रत्येक फेऱ्यात बारा बारा आरामात व्हायला लागल्या की उशी काढा. त्याही सोप्या झाल्या की नातवाचं दप्तर छातीशी धरून करा आणि त्यात लिटरची एक बाटली घाला. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. दर एक-दोन आठवड्यांनी भार थोडा वाढत गेला पाहिजे. घरी व्यायाम करणारे जवळजवळ सगळे इथे अडकतात. वर्षभर त्याच दहा बैठका, त्याच खुर्चीवर. चालण्याचं जे झालं तेच मग बैठकांचं होतं.

याला जोडून तीन गोष्टी. स्वयंपाकघराच्या ओट्याला बोटं टेकवून टाचा उंच करून हळू खाली आणणं, पोटऱ्यांसाठी. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एकाच पायाने चढून त्याच पायाने सावकाश उतरणं, कठडा धरून. आणि दोन्ही हातांत भाजीच्या सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ चालणं, ज्यातून पकड, खांदे आणि पाठ एकदम कामाला लागतात. तोलासाठी ओट्याजवळच एका पायावर उभं राहायचं, आधी बोटं टेकवून, मग न टेकवता. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने घरी करण्याजोगा अशाच ताकदीच्या आणि तोलाच्या व्यायामांचा कार्यक्रम बसवला, आठवड्यातून तीनदा, सोबत चालणं. त्याने वृद्धांचं पडणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीतही ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आहेच, पण त्याबरोबर दोन किंवा अधिक दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद दोन्ही साधणारी हालचाल सांगितली आहे. वर्तमानपत्रांत १५० मिनिटांचाच आकडा छापून येतो, पुढचं गळतं.

पहिले दोन-तीन दिवस मांड्या धरतील. जिना उतरताना कुरकुर होईल. ती दोन दिवसांत गेली तर ठीक. सांध्यात दुखलं, गुडघा सुजला किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर खुर्चीची उंची वाढवा, वेळा कमी करा, पण बंद करू नका. गुडघे झिजलेत म्हणून मांडीला आराम द्यायचा हा सल्ला मागे पडून बरीच वर्षं झाली. मांडी बळकट झाली की गुडघ्याचं दुखणं बहुतेकांचं कमीच होतं. रक्तदाबाची गोळी आहे म्हणून एक काळजी: उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

तीन-चार आठवड्यांत बाबा म्हणतील, उठायला सोपं जातंय. तेव्हा मांडी अजून जाड झालेली नसते. मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकलेले असतात. स्नायू भरायला दोन-तीन महिने लागतात. बरेच जण या मधल्या टप्प्यात ‘झालं की बरं’ म्हणून सोडतात.

जमिनीवरून उठण्याचा सराव वेगळा, आणि तो महिन्याभराने, तुम्ही शेजारी असताना. सतरंजी टाका, शेजारी पलंग किंवा जड खुर्ची. मांडी घालून बसलेल्या स्थितीतून सरळ उभं राहायचा हट्ट करू नये. कुशीवर वळायचं, हातांवर जोर देऊन रांगायच्या स्थितीत यायचं, पलंगापर्यंत जायचं, कडेवर हात ठेवून जास्त ताकदीचा पाय पुढे उभा करायचा, आणि मग वर. हे एकदा अंगवळणी पडलं की पाटावर बसायची भीती जाते. त्याहून मोठा फायदा पडल्यावर होतो. एकटं असताना पडलेला माणूस उठता न आल्याने तासन्‌तास थंड फरशीवर पडून राहतो, आणि त्याचे हाल कधी कधी मुक्या मारापेक्षा वाईट असतात.

सवय लावण्याचा माझा अनुभव असा की ‘व्यायाम करा’ हे सत्तरीच्या माणसाला सांगून उपयोग नसतो. ‘आता या वयात काय पैलवान व्हायचंय?’ हे उत्तर तयार असतं. वेळ आधीच्या एखाद्या सवयीला बांधावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी बातम्यांमधल्या जाहिराती ही वेळ पकडली. जाहिरात लागली की आठ बैठका, बातमी लागली की बसायचं. घरातले आधी हसले, मग नातू शेजारी खुर्ची टाकून करायला लागला. दुसरा उपाय कामाचा. दुधाच्या पिशव्या बाबांनी आणाव्यात, कुंड्यांना पाणी त्यांनी घालावं, वरच्या मजल्यापर्यंत लिफ्ट न घेता यावं. हे त्यांना काम म्हणून द्या, औषध म्हणून नको. ज्या माणसाने पस्तीस वर्षं कॅश सांभाळली त्याला किराण्याची यादी आणि पिशवी दिली तर तो ती नीटच सांभाळेल.

पुण्यातच आहात तर पर्वती आहे. चालण्याच्या सात दिवसांपैकी दोन दिवस बाग सोडून पर्वती केली, तर तेवढ्याच वेळात मांडीला कितीतरी जास्त काम मिळतं, चढतानाही आणि उतरतानाही. गुडघ्याची वाटी दुखत असेल तर उतरताना कठड्याला धरून, एकेक पायरी. हास्यक्लब, प्राणायाम, कट्ट्यावरच्या गप्पा यांना माझा विरोध नाही, माणसं भेटतात हे फार मोठं आहे. पण त्यातून मांडीला भार मिळत नाही. सूर्यनमस्कार चांगले, पण जमिनीवरून उठवत नाही त्याने त्यापासून सुरुवात करू नये.

जिमला पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा. बसून पायाने वजन ढकलायचं यंत्र तोल कमी असलेल्यांना खुर्चीपेक्षाही सुरक्षित असतं. प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी औषधं आणि जुनी दुखणी विचारली नाहीत, किंवा बाबांना थेट ट्रेडमिलवर चढवलं, तर दुसरी जिम बघा. चालणं त्यांचं फुकटात चालूच आहे.

आता खाणं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या तक्त्यात प्रौढांना वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वयस्कर माणसाच्या स्नायूंना तेवढ्याच प्रथिनांचा उपयोग कमी होतो, म्हणून वृद्धांच्या पोषणावर काम करणारे तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. बाबांना म्हणजे ६५ ते ७८ ग्रॅम. सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि भात, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री मऊ खिचडी किंवा दूध-पोळी. शाकाहारी घरातलं हे नेहमीचं ताट चाळीस ग्रॅमच्या आसपास थांबतं. रात्रीचं जेवण तर ‘हलकं’ म्हणून प्रथिनं जवळजवळ वगळलेलंच असतं. त्यात कवळी बोचत असेल तर शेंगदाणे, उसळ, भाकरी गुपचूप बंद झालेली असते आणि कुणाला पत्ता नसतो. दात आधी बघा.

भर घालायला बाहेरचं काही लागत नाही. दोन अंडी चालत असतील तर १२ ग्रॅम तिथेच मिळतात. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास, मोठ्या वाटीभर मटकीच्या उसळीत सात-आठ, पेलाभर दुधात सहा-सात. रात्रीच्या खिचडीत मुगाची डाळ तांदळाइतकीच घाला, किंवा आठवड्यातून दोनदा पिठलं-भाकरी. तिन्ही वेळच्या खाण्यात थोडं थोडं हवं, एकट्या दुपारवर भार नको. मासे खात असतील तर प्रश्नच नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून आकडा ठरवा. किडनीचं काम कळायला रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी साधी असते. हे सगळं करूनही खाणं जात नसेल तर पावडर जरूर द्या. व्यायाम न करता पावडर दिली तर काय होतं, ते बॉस्टनच्या पोषक पेयाने दाखवलंच आहे.

आणखी एक धोका लक्षात ठेवा. डेंग्यू, न्यूमोनिया, एखादं ऑपरेशन, काहीही होवो, अंथरुणात घालवलेला आठवडा सत्तरीनंतर फार महाग पडतो. साठी-सत्तरीतल्या तब्येतीने ठणठणीत लोकांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतले किलोभराच्या आसपास स्नायू गेले. हा २००७ सालचा अमेरिकेतला अभ्यास. आपल्याकडे आजारी माणसाला ‘पडून राहा’ म्हणणं ही मायेची खूण आहे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा पलंगाच्या कडेला बसवा, उभं करा, संडासापर्यंत चालवा. घरी परतल्यावर बैठका खुर्चीवर दोन उशा ठेवून पुन्हा सुरू करायच्या.

राहता राहिली आई. तिची काळजी नाही असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थोडा थांबलो. घरकामाने माणूस दमतो, पण दमणं आणि ताकद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटणं, भांडी, कपडे वाळत घालणं यात तासन्‌तास उभं राहणं आहे, गुडघ्यातून वाकून भार उचलणं फारसं नाही. खाली बसून फरशी पुसायचं काम आता बाईकडे किंवा लांब दांड्याच्या मॉपकडे गेलं. बायकांकडे मुळात स्नायू कमी, रजोनिवृत्तीनंतर हाडं वेगाने विरळ होतात, आणि त्यात ताटातली उरलेली वरणाची वाटी सगळ्यांचं झाल्यावर तिच्या वाट्याला येते. तिला पाठीच्या कण्याची हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलं असेल तर पुढे खाली वाकून पाय धरण्याचे आणि कमरेतून पीळ देण्याचे व्यायाम टाळा; खुर्चीवरून उठणं-बसणं मात्र तिलाही चालेल.

तीस सेकंदांची चाचणी दोघांची एकाच दिवशी घ्या आणि आकडे कॅलेंडरवर लिहा. तिचे अकराच्या खाली आले तर बाबांच्या शेजारी तिचीही खुर्ची लावा, आणि त्या वीस मिनिटांपुरता तवा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.